रुबाबला आलेलं पत्र

"पंडत, हे माझंच आहे का बघ बरं," असं म्हणत रुबाबनं पाकीट माझ्या छातीवर टाकलं.

मी खाटेवर उताणा पडलो होतो. सोमवार होता. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, म्हणून डोलीवाले, गाईड, गारगोट्या विकणारे असे आम्ही सगळेच त्या दिवशी मोकळे. त्यातून वैशाख. परदेशी पाहुणे मार्च संपतानाच गेलेले, आणि फर्दापूरच्या फाट्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. आम्हा लोकांचं टपाल फाट्यावरच्या हॉटेलात येई. मालक ते बिस्किटांच्या बरणीमागे खोचून ठेवी आणि चहा पिताना ज्याचं त्याला देई.

पाकिटावर परदेशी तिकीट होतं, त्यावर लांब पायांचा एक पक्षी. खाली मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत नाव होतं. रुबाब तडवी, लेणापूर.

"तुझंच आहे. मोरिताबाईचं."

"मला वाटलंच!" तो खाटेच्या कडेला टेकला आणि खांद्यावरच्या गमछ्यानं त्यानं तोंड पुसलं. "दोन महिने झाले जाऊन. म्हटलं, विसरली बाई. फोड ना भो. काय लिहेल आहे?"

ही गोष्ट एकोणीसशे पंच्याण्णव सालची. रुबाब आणि मी एकाच वयाचे, सत्तावीस वर्षांचे. तो लेणापूरचा, तडवी समाजातला, डोली उचलणारा. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना खुर्चीत बसवायचं, खुर्ची बांबूच्या दांड्यांना बांधायची आणि चौघांनी ती खांद्यावरून लेण्यांपर्यंत न्यायची, ती डोली. पंधराव्या वर्षापासून तो हेच करत होता. उजव्या खांद्यावर त्याला लिंबाएवढा घट्टा पडला होता. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. मी फर्दापूरचा, इतिहास घेऊन बी. ए. झालेला, छातीवर बिल्ला लावणारा गाईड. लहानपणी वाघोरा नदीच्या डोहात आम्ही एकत्र पोहायला शिकलो होतो. तो मला पंडत म्हणायचा, मी त्याला रुब्या.

मोरिताबाई जपानच्या. नारा शहराजवळच्या एका गावात मुलांना चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, गुडघ्यांनी अधू. त्यांच्याकडच्या एका फार जुन्या देवळाच्या भिंतींवर अजिंठ्याच्या वळणाची चित्रं होती. बाई एकोणीस वर्षांच्या असताना ती आगीत गेली. "जळून काळी झालेली भिंत मी डोळ्यांनी पाहिली," त्या सांगायच्या. "मग कुणीतरी म्हणालं, त्या चित्रांची थोरली भावंडं हिंदुस्थानात आहेत." सलग चार हिवाळे त्या या थोरल्या भावंडांना भेटायला आल्या. सकाळी डोलीतून वर जायचं, परवानगी काढून लेण्याच्या दाराशी बसायचं, भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवायची आणि चार वाजता खाली यायचं. त्यांच्या डोलीच्या पुढच्या उजव्या दांडीला चारही वर्षं रुबाबच.

जाता-येता दोघांचं बोलणं चालायचं. पहिल्या वर्षी झाड, दगड, पाणी, माकड एवढंच. दुसऱ्या वर्षी तो बाईंना हसवायला लागला. चौथ्या वर्षी तर दोघं जपानीत भांडायची. त्याला बाईंचं तोंड दिसत नसे आणि बाईंना त्याची फक्त पाठ दिसे. मला वाटतं, म्हणूनच त्याचा कान एवढा तयार झाला. शिकत मीही होतो. दुपारी बाई मला दगडावर खडूनं अक्षरं काढून दाखवायच्या. अक्षरं मला पटापट आली. तोंड उघडलं की मात्र समोरचा माणूस सभ्यपणे मान हलवायचा आणि इकडेतिकडे बघायचा. मला जपानी लिपी आली आणि रुबाबला जपानी आली, असं म्हणा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत एक प्रसंग झाला होता. सोळा नंबरच्या लेण्यात एक चित्र आहे. राजकन्येचा नवरा भिक्षू झाला आहे, त्याचा मुकुट घेऊन माणूस परत आला आहे आणि तो मुकुट पाहून ती कोसळते आहे. मी बावीस जपानी पाहुण्यांसमोर उभा राहून शतक कोणतं, राजा कोण, रंग कशाचे केले, हे सगळं सांगत होतो. पाहुणे घड्याळं बघत होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला न्यायला रुबाब दारात येऊन थांबला होता. कुणीतरी सहज त्याला विचारलं, "ही बाई आजारी आहे का?"

"नाही," रुबाब दारातूनच जपानीत म्हणाला. "हिला काहीच झालेलं नाही. जो यायचा होता तो आता येणार नाही, एवढंच हिला कळलंय. आणि हिला धरून बसलीय त्या दासीकडे बघा. तिला ते आधीच माहीत होतं. तिच्यानं सांगवलं नाही."

बावीसच्या बावीस माणसं पुन्हा चित्राकडे वळली. एका बाईनं रुमाल काढला. मोरिताबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. पेन्सिल थांबवून त्या रुबाबकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत वाईट काही नव्हतं, कीव असेल फार तर. मी ती नजर विसरलो नाही.

तर, मी पाकीट फोडलं.

आत तीन पानं होती. सगळं सोप्या अक्षरांत, लहान मुलाला लिहावं तसं, कारण ते मीच वाचून दाखवणार हे बाईंना माहीत होतं. त्यांच्या गावात एक नवं कलादालन उघडणार होतं. अजिंठ्यात काढलेली त्यांची चित्रं तिथे कायमची लागणार होती. त्या चित्रांपाशी उभं राहून लोकांशी बोलायला त्यांना रुबाब हवा होता. वर्षभर. राहायचं बाईंच्याच घरी. बाकीचे कागद गावची पालिका पाठवील, रुबाबनं फक्त हो म्हणायचं होतं, महिन्याच्या आत.

दुसरं पान मी दोनदा वाचलं. रुबाब माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणते?"

"बरी आहे म्हणते. गुडघे दुखतात. तिकडे झाडांना फुलं आली होती, आता गळाली."

"आणि?"

"तुझी आठवण काढलीये. खांद्याला तेल लावत जा म्हणते."

"तीन पानं भरून?"

"म्हातारं माणूस. तेच तेच लिहितं."

तो हसला. "हाव, बोलते पण तशीच. हिवाळ्यात येणार का, ते लिहेल असंल बघ."

"तसं काही नाही. चित्रं कुठेतरी लावणार आहेत म्हणते. त्या कामात आहे."

"दे इकडे." त्यानं पानं घेतली आणि वरून खाली उतरणाऱ्या ओळींवरून बोट फिरवलं. "यात माझं नाव कुठं आहे?"

मी एका ठिकाणी बोट ठेवलं. नाव पानोपानी होतं.

त्या अक्षरांकडे तो बराच वेळ बघत बसला. मग पानं घडी करून त्यानं मला परत दिली. "तुझ्याजवळच ठेव. माझ्या घरात उंदीर आहेत. आणि उत्तर लिही. म्हणाव रुबाब खुशाल आहे. तुम्ही बसायच्या त्या दारावर पाकोळ्यांनी घरटं केलंय. खाली पडलेलं एक पिल्लू मी उचलून वर ठेवलं. एवढंच लिही, म्हणजे बाई खूश."

उत्तर मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, रुबाबच्या नावानं. माझी आई अंथरुणाला खिळली आहे, तिला सोडून मी येऊ शकत नाही, असं लिहिलं. माझा मित्र पंडित शिकलेला आहे, सगळा इतिहास त्याला माहीत आहे, तुम्ही त्याला बोलवा, असं लिहिलं. 'तो आला तर मी आलो असंच मला वाटेल,' हे शेवटचं वाक्य जुळवायला मला सकाळपासून दुपार झाली. पाकोळ्यांचं घरटं आणि पिल्लू मी वगळलं नाही. त्याच्याच जोरावर ते पत्र रुबाबचं वाटलं असणार.

मनाशी मी म्हणत होतो, त्याच्याकडे शाळेचा दाखला नाही, जन्माचा कागद नाही, याला पासपोर्ट कोण देतंय? ते खोटंही नव्हतं. पण कुठल्या कचेरीत जाऊन मी ते विचारलं नाही.

जूनच्या शेवटी मला बोलावणं आलं. माझ्या नावाचं पाकीट घेऊन हॉटेलचा मालक ओरडतच बाहेर आला. ही बातमी साऱ्या फर्दापुरात पसरवली ती रुबाबनं. "आपला पंडत जपानला चालला!" म्हणत तो दुकानोदुकानी फिरला.

सप्टेंबरात मी निघालो. माझी लोखंडी पेटी त्यानं घरून फाट्यापर्यंत स्वतःच्या खांद्यावर आणली. मी धरू लागलो तर मला हात लावू देईना.

"मला माहीत होतं, बाई तुलाच बोलावणार," तो म्हणाला. "अक्षरं येतात तुला. मी काय, नुसता पोपट."

"तसं नाही रे."

"तसंच आहे. वाईट नाही वाटत मला. आपल्यातला एक जण गेला, म्हणजे झालं." पेटी टपावर चढवून तो खिडकीशी आला. "बाईला म्हणाव, नवी खुर्ची केलीये. पाठीला गादी आहे. यंदा ये म्हणाव. आणि विमानात भीती वाटली तर खाली बघू नको. डोलीत बसणाऱ्याला मी हेच सांगतो."

बस सुटली. तो हात हलवत होता. मी समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होतो.

नाराच्या स्टेशनवर मोरिताबाई काठी टेकत मला घ्यायला आल्या होत्या. जपानी रीतीनं नावाला आदराचं 'सान' जोडून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रुबाब-सानची आई कशी आहे?"

"तशीच आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला घरच्या माणसासारखं ठेवलं. मला मासे चालत नाहीत म्हणून स्वतः भाज्या शिजवल्या. थंडीत मी खोकलो की दाराशी येऊन उभ्या राहायच्या. कलादालनात मात्र मी शतकं आणि राजे सांगत असे आणि लोक ऐकून, वाकून, पुढच्या चित्राकडे जात. तिसऱ्या दिवशी राजकन्येच्या चित्रापाशी बाई हळूच म्हणाल्या, "इथे रुबाब-सान काय म्हणाले होते, ते सांगा ना." मी सांगितलं. लोक थांबले. चौथ्या दिवसापासून मी ते माझं म्हणून सांगायला लागलो. बाईंनी ऐकलं, आणि काठी टेकत त्या पुढच्या चित्राकडे गेल्या.

एका वर्षाची तीन वर्षं झाली. मग परत येऊन मी औरंगाबादेत प्रवासी कंपनी काढली. जपानी पाहुण्यांना इकडे आणायचं आणि आपल्या लोकांना तिकडे न्यायचं. पुढे क्योतो झालं, बोरोबुदुर झालं, कंबोडियातलं अंगकोर, इजिप्तचे पिरॅमिड, जॉर्डनमधलं डोंगरात कोरलेलं पेट्रा. माझं बोलणं लोकांना आवडायचं. मी कुठल्याही दगडासमोर उभा राहून माणसं थांबवू शकत होतो. ते कुणाकडून शिकलो, हे कुणी विचारलं नाही.

पाहुणे घेऊन अजिंठ्याला आलो की रुबाब भेटायचा. दरवेळी एकच विचारायचा. "बाईची चिठ्ठी?"

"नाही रे. वय झालं. विसरते आता."

"असं होतं," तो म्हणायचा.

बाईंची पत्रं दर दोन महिन्यांनी येत होती आणि प्रत्येक पत्रात रुबाबची चौकशी असायची. खुब्याचं हाड मोडल्यामुळे त्या अंथरुणावर होत्या. विसरत काही नव्हत्या.

दोन हजार दोनच्या जानेवारीत त्या आल्या. बहात्तर वर्षांच्या, निम्म्या झालेल्या, एका डोळ्यानं अंधुक बघणाऱ्या. "शेवटचं एकदा," असं त्यांनी कळवलं होतं. दुसऱ्या कुणाची तरी डोली मी आधीच सांगून ठेवली होती. पण पायथ्याशी गाडीतून उतरताच बाईंनी गर्दीकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "रुबाब-सान!"

तो कडेला बसला होता. धावत आला आणि बाईंसमोर येऊन थबकला. त्याच्या दाढीत पांढरं आलं होतं. दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करत राहिली, एकदा, दोनदा, तीनदा. मग बाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. मी ठरवलेले डोलीवाले आपणहून बाजूला झाले.

रुबाबनं बाईंना उचलून खुर्चीत बसवलं, पुढची उजवी दांडी खांद्यावर घेतली आणि चढण सुरू झाली. मी मागे चालत होतो, चार पायऱ्यांवर. त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"तुम्ही मला विसरलात असं वाटलं होतं," रुबाब जपानीत म्हणाला.

"मी? प्रत्येक पत्रात तुमची खुशाली विचारली मी."

चौघांच्या अनवाणी पायांचा आवाज येत राहिला.

"मला तुमच्यावर रागवायचं होतं," बाई म्हणाल्या. "मी एवढं बोलावलं आणि तुम्ही नाही म्हणालात. पण आईसाठी नाही म्हणालात, मग मी काय रागावणार? सगळ्या गावाला मी सांगितलं, आजारी आईला टाकून न येणारा माणूस आहे तो. पंडित-सान परतले की तुम्हाला पुन्हा बोलवीन, असं मनात होतं. तेवढ्यात मी पडले. कशी आहे आई?"

रुबाबची आई तो सात वर्षांचा असताना साप चावून गेली होती. तिला माती दिली तेव्हा मी माझ्या वडिलांचं बोट धरून तिथे उभा होतो.

डोली एका अंगाला कलली. "अरे, पाय धर!" मागचा गडी ओरडला. चौघांचं पाऊल एका वेळी पडलं नाही तर खुर्ची कलंडते. रुबाबनं पाऊल पुन्हा धरलं. त्यानं वळून पाहिलं नाही. खांद्यावर दांडी असताना वळता येतच नाही. मला फक्त त्याची मान दिसत होती, घामानं भिजलेली. मी म्हटलं, आता. आता तो सांगणार.

दहाएक पायऱ्या गेल्या.

"आई गेली," रुबाब म्हणाला. "फार हाल झाले नाहीत तिचे."

"तुम्ही जवळ होतात?"

"हो. जवळच होतो."

"मग तुम्ही आला नाहीत तेच बरं केलंत," असं म्हणून बाईंनी खुर्चीतून वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लेण्यापाशी डोली उतरेपर्यंत तो हात तिथेच होता.

वर लेण्यात बाईंना आता नीट दिसत नव्हतं. रुबाब त्यांच्या कानाशी वाकून एकेका चित्रात काय आहे ते सांगत होता आणि त्या डोळे मिटून मान हलवत होत्या. मध्येच हसत होत्या. मी बाहेर चपलांपाशी थांबलो. मला कुणी आत बोलावलं नाही.

दुपारी खाली आल्यावर बाई गाडीत विसावल्या. रुबाब नळावर हातपाय धूत होता. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. तोंडातून भलतंच निघालं.

"तू सांगितलं का नाहीस तिला?"

त्यानं नळ बंद केला. गमछ्यानं हात पुसले, एकेक बोट पुसलं.

"तीन वर्षं तिनं तुला घरात ठेवलं," तो म्हणाला. "रांधून घातलं. आता या वयात तिला काय सांगू, की तू कोणाला रांधून घालत होती? तिला झोप लागंल का पुन्हा?"

"रुब्या..."

"तुझ्यासाठी नाही बोललो मी. तसा समज करून घेऊ नका, साहेब."

एकाच दमात तो 'तू'वरून 'साहेब'वर गेला. मग गमछा खांद्यावर टाकून बाईंच्या गाडीकडे निघाला, त्यांना पाणी हवं का विचारायला.

चौथ्या दिवशी बाईंना विमानात बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेणापूरला गेलो. रुबाब घरासमोर बसून डोलीची दोरी नव्यानं वळत होता. मला पाहून उठला. आतून खाट आणली, तिच्यावर धुतलेली चादर टाकली आणि मला बसवलं. त्याच्या बायकोनं, जैतूननं, तांब्याभांडं आणून ठेवलं. त्या घरात मी चुलीपुढे पाटावर बसून जेवलेला माणूस. खाट मला तिथे कधी कुणी टाकली नव्हती.

"चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "पासपोर्टचं सगळं मी बघतो. दोन महिन्यांत नेतो तुला. बाई आहे तोवर."

"काय म्हणून जाऊ, साहेब?"

"म्हणजे?"

"तिकडं गेलो की ती रोज आईचं विचारंल. कशी होती, काय म्हणाली, शेवटी काय खाल्लं. रोज एक नवं खोटं कुठून आणू? ते काम तुम्हाला येतं. मला नाही."

तो दोरीला पीळ देत राहिला. जैतून दाराशी उभी होती, काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळत होतं. रुबाबनं तिच्याकडे पाहिलं, तशी ती आत गेली.

"एक काम करा," तो म्हणाला. "ते पत्र वाचा."

"ते... राहिलं नाही आता." ते मी बसमधून जाताना घाटात फाडून टाकलं होतं.

"तोंडपाठ असंल."

होतं. सात वर्षं होतं.

"मराठीत नको. तिनं लिहिलं तसं म्हणा."

मी म्हणायला लागलो. त्यानं दोरी खाली ठेवली आणि डोळे जमिनीकडे लावून ऐकायला लागला.

'रुबाब-सान, हे पत्र पंडित-सान तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांना माझे आभार सांगा. ते चांगले मित्र आहेत. मी चार वर्षं भिंतीवरचे रंग उतरवून आणले. पण लोक माझी चित्रं बघतात आणि पुढे जातात. मी विद्वानांना विचारलं, त्यांनी पुष्कळ सांगितलं, तरी लोक पुढेच जातात. त्यांना थांबवणारा माणूस मला एकच माहीत आहे. चार हिवाळे तुम्ही मला खांद्यावर नेलंत. तुमचा चेहरा मला नीट आठवत नाही, पाठ आठवते. आता तुम्ही इकडे या. इथे पायऱ्या नाहीत. तुमच्या खांद्याला एक वर्ष आराम मिळू द्या. मी तुम्हाला तुमचं नाव लिहायला शिकवीन.'

पत्र आणखी होतं, तारखा, कागदपत्रं, निरोप. तेही मी म्हटलं. शेवटी तो म्हणाला, "पायऱ्यांचं पुन्हा म्हणा."

"इथे पायऱ्या नाहीत."

"असंच लिहेल होतं?"

"असंच."

त्याचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला होता. तो घट्टा चोळत होता. मी पुढे वाकलो. त्यानं मला शिव्या द्याव्यात, कानाखाली मारावी, काहीही करावं, असं मला वाटत होतं. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "रुबाब, चल रे, गाड्या आल्या!" तो उठला. दोरी गोळा केली आणि गमछा डोक्याला गुंडाळला.

"पाणी पिऊन जा, साहेब," असं म्हणून तो अंगणाबाहेर पडला.

जैतून लगबगीनं त्याच्यामागे गेली. "अहो, काय म्हणत होते ते? एवढ्या लांबून कशाला आले होते?"

तो न थांबता म्हणाला, "काही नै. जुनं टपाल होतं."